किल्ला मुलांचा, माती मोठ्यांनी आणायची

दिवाळीची सुट्टी लागली की साताऱ्यात गल्लोगल्ली माती कालवली जाते. वर खरा अजिंक्यतारा उभा असतो आणि खाली यादोगोपाळ पेठेतल्या, शाहूपुरीतल्या अंगणांत प्रतापगड, सज्जनगड, नाहीतर नकाशात कुठेच नसलेला एखादा गड आकार घेतो. दगड-विटांचा ढीग, त्यावर भिजवलेलं गोणपाट, वरून चिखलाचा थर आणि शेवटी हळीव. पुढारी असतात पाचवी-सहावीतली मुलं. पण कोपर भरून चिखल लागलेलं चार वर्षांचं पोरही तिथे असतंच, आणि त्याच्याकडेच मला वाचकांचं लक्ष वेधायचं आहे.

त्याला कुणी उताराचा धडा दिलेला नसतो. तरी चिखल पातळ झाला की तट बसतो, घट्ट झाला की वाळल्यावर भेगा पडतात, हे त्याला दोन दिवसांत कळतं. कोरडे हळीव उभ्या कड्यावरून घरंगळतात. भिजवून लावले तर त्यांच्यावर बुळबुळीत चिकट आवरण येतं आणि ते कड्याला धरून राहतात. हे त्याने करून पाहिलेलं असतं, फसलेलं असतं, पुन्हा करून पाहिलेलं असतं. अंदाज बांधायचा, तपासायचा, बदलायचा, ही विज्ञानाचीच रीत झाली. मग याच मुलाला जूनमध्ये बालवाडीत घातलं की पहिल्या आठवड्यात वहीभर उभ्या-आडव्या रेघा का मागितल्या जातात, हा प्रश्न मला सतत छळतो.

मुलांनी ठरवलेल्या खेळातून शिकणं म्हणजे नेमकं काय, यावर गेल्या काही दशकांत चांगले प्रयोग झाले आहेत. त्यातला एक मला फार महत्त्वाचा वाटतो. 2011 मध्ये एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक नवंच खेळणं दिलं. त्यात चार करामती दडलेल्या होत्या. एक नळी ओढली की चूं आवाज यायचा, एका ठिकाणी दिवा लागायचा, एका ठिकाणी सूर वाजायचे आणि एका नळीच्या आत आरसा होता. काही मुलांना मोठ्या माणसाने ‘बघ हं, हे असं चालतं’ म्हणत आवाज काढून दाखवला. काहींसमोर तोच आवाज जणू चुकून निघाला, आणि ते माणूसही चकित झालं. मग खेळणं मुलांच्या हाती दिलं. ज्यांना शिकवलं होतं ती मुलं मुख्यतः आवाजच काढत बसली, लवकर थांबली, बाकीच्या करामती त्यांना कमी सापडल्या. ज्यांना शिकवलं नव्हतं त्यांनी जास्त धुंडाळलं.

शिकवलेली मुलं मंद नव्हती. त्यांचा तर्क बरोबरच होता: या माणसाला सगळं ठाऊक आहे, त्याने एकच गोष्ट दाखवली, म्हणजे आणखी काही नसणार. शिकवण्याने ती एक गोष्ट चटकन आणि पक्की कळते, पण शोधाचं दार अर्धं लोटलं जातं. वर्गात ‘फूल असं काढायचं’ म्हणून फळ्यावर पाच पाकळ्या काढणाऱ्या प्रत्येक ताईने, आणि घरी मुलाच्या हातातला खडू घेऊन ‘थांब, मी दाखवते’ म्हणणाऱ्या प्रत्येक आईने हा प्रयोग ध्यानात ठेवावा असा आहे.

म्हणून मुलांना नुसतं मोकळं सोडलं की झालं, असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये. इथेच बरेच उत्साही पालक फसतात. 2013 मधल्या एका प्रयोगात चार-पाच वर्षांच्या मुलांना त्रिकोण, आयत, पंचकोन यांसारखे आकार ओळखायला शिकवायचे होते. एका गटाला मोठ्यांनी सरळ समजावून सांगितलं. दुसऱ्या गटाला तेच साहित्य देऊन हवं तसं खेळू दिलं. तिसऱ्या गटात मोठं माणूस खेळात सामील झालं. आपण आकारांचं गुपित शोधणारे गुप्तहेर आहोत, असं म्हणत ते प्रश्न विचारत राहिलं आणि मुलांनाच शोधू दिलं. तिसऱ्या गटातली मुलं सरस ठरली. निमुळता, तिरपा, उलटा उभा केलेला त्रिकोणही त्रिकोणच असतो, हे त्यांना उमगलं होतं. मोकळ्या खेळातल्या मुलांच्या हातून आकार सहज निसटले होते, कारण कोपरे मोजावेत असं त्यांना कुणी सुचवलंच नव्हतं.

सापशिडीसारख्या आकड्यांच्या पट-खेळाचं उदाहरण तर घरोघरी उपयोगी पडेल. रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमानी यांनी 2008 मध्ये गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना 1 ते 10 आकड्यांची सरळ पट्टी खेळायला दिली. दोन आठवड्यांत चार वेळा, प्रत्येक वेळी साधारण 15 मिनिटं. इतक्यावर मुलांची मोजणी सुधारली, कुठली संख्या मोठी हे कळू लागलं, आणि नऊ आठवड्यांनीही तो फरक टिकून होता. आकड्यांऐवजी रंगांची पट्टी खेळलेल्या मुलांत असं काही दिसलं नाही. एक बारकावा इथे कळीचा होता. सोंगटी 4 वर असून दोन घरं पुढे जायची असतील तर मूल ‘एक, दोन’ न म्हणता ‘पाच, सहा’ म्हणत होतं. आपल्याकडे सापशिडी खेळताना बहुतेक मुलं ‘एक, दोन’ म्हणतात. घरावरचा आकडा मोठ्याने वाचायची सवय लावा, एवढंच करायचं आहे.

दिल्लीतला अभ्यास याच्याही पुढे नेतो. ‘प्रथम’ संस्थेच्या मदतीने तिथल्या 214 बालवाड्यांतली 1,540 मुलं त्यात होती, आणि संशोधकांत एलिझाबेथ स्पेल्की आणि एस्तेर डफ्लो होत्या. ठिपक्यांचा अंदाज, आकारांची तुलना असे गणिती खेळ मुलं काही महिने खेळली. त्यांची उपजत गणिती समज वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली. पण पहिलीतलं आकड्यांचं, चिन्हांचं गणित त्याने सुधारलं नाही. 2017 मध्ये ‘सायन्स’ मासिकात आलेला हा निष्कर्ष मला मौल्यवान वाटतो. चिंचोक्यांचा ढीग आणि पाटीवरचा 7 यांच्यामधला पूल आपोआप बांधला जात नाही. तो बांधायला ताई लागते.

खेळात घडणारी आणखी एक गोष्ट कुठल्याच पाटीवर येत नाही, ती म्हणजे स्वतःला आवरणं. 1948 मध्ये रशियात मानुइलेन्को या संशोधिकेने मुलांना न हलता उभं राहायला सांगितलं. नुसत्या सांगण्यावर लहानगी थोडाच वेळ टिकली. तीच मुलं खेळात पहारेकरी झाली, तेव्हा कितीतरी जास्त वेळ उभी राहिली. दिंडी दरवाजावर मावळा बनून उभं राहिलेलं पोर जेवायला हाक मारली तरी जागचं हलत नाही, याचं कारण हेच. आज्ञा बाहेरून आलेली असते. मावळ्याचा नियम त्याने स्वतःला घालून घेतलेला असतो.

हा विचार आपल्याकडे कुणी परदेशातून आयता आणलेला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम उभं केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, पानं-फुलं वापरली. अंगणवाड्या चालवणारी सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली त्यानंतर तीस वर्षांनी, 1975 मध्ये. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांना जमिनीवर बसून, काड्या-मणी हाताळत, आपसांत बोलत शिकू दिलं. राज्यभरातले शिक्षक ते पाहायला आले. पुढे त्याच धर्तीवर मुलांनी जमिनीवर बसून शिकावं म्हणून कितीतरी शाळांच्या फरशा रंगल्या. फरशी रंगवणं सोपं होतं. मूल अडखळत असताना उत्तर न सांगता शेजारी बसून राहणं, हे कुमठ्याचं खरं काम होतं, आणि त्याची नक्कल एका दिवसाच्या भेटीत होत नाही.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 3 ते 8 वर्षं हा एक सलग पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळावर भर दिला आहे. कागद आता मुलांच्या बाजूने आहे. अडचण पालकांच्या भीतीची आहे, आणि ती भीती मी खोटी म्हणणार नाही. शेजारच्या मुलाला शंभरपर्यंत आकडे म्हणता येतात आणि आपलं वाळूत खेळतं, हे पाहून कोणाचाही जीव खालीवर होईल. त्यांच्यासाठी 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा अभ्यास सांगते. सरकारी पूर्वप्राथमिक वर्गात चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिलेल्या मुलांची तुलना प्रवेश न मिळालेल्यांशी केली. अशी जवळपास तीन हजार मुलं होती. सुरुवातीला त्या वर्गांत शिकलेली मुलं पुढे होती. सहावीत पोहोचेपर्यंत ती परीक्षांत मागे पडली होती आणि शिस्तीच्या तक्रारीही त्यांच्याच जास्त होत्या. खेळ कमी होता म्हणूनच असं झालं, हे या अभ्यासातून सिद्ध होत नाही. लवकर मिळालेली आघाडी पुढे टिकतेच असं नाही, एवढं मात्र लख्ख दिसतं.

साताऱ्या-कराडात आता प्रवेशासाठी शाळा बघत फिरणाऱ्यांनी इमारत नंतर पाहावी, आधी भिंतीवरची चित्रं पाहावीत. पंचवीस मुलांची पंचवीस फुलं एकसारखी असतील तर ती ताईंनी काढून दिली आहेत आणि मुलांनी फक्त रंगवली आहेत. वाळू, पाणी, ठोकळे कपाटात कुलूपबंद आहेत की मुलांच्या हाताला येतील असे ठेवले आहेत, तेही पाहा. आणि दिवसातला किती वेळ काय करायचं ते मुलं स्वतः ठरवतात, असं ताईंना विचारा. उत्तर मिनिटांत मागा.