शक्तिपीठच्या भांडणाचं मूळ लई मागं आहे

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची जमीनमोजणी म्हटलं की नांदेड, हिंगोली, परभणीकडचे शेतकरी बांधावर येऊन उभे राहायलेत, आणि पुण्याचे मित्र मला विचारतात की तुम्ही तर मागास मागास म्हणून रडता ना, मग रस्ता आला की नको कसं काय? प्रश्न बरोबरच आहे. पण भांडण रस्त्याचं कधी नव्हतंच राव, पैसा कुठं टाकायचा हे कोण ठरवणार, त्याचं होतं.

१९५३ चा नागपूर करार बघा. त्यात सरळ लिहिलंय की पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचा आणि मराठवाडा मागं आहे म्हणून त्याच्याकडं खास लक्ष द्यायचं. त्या भरवशावर आपण महाराष्ट्रात आलो. रस्ते आले ते ७२ च्या दुष्काळात, तेही लोकांना काम पाहिजे म्हणून. माझी आजी त्या कामावर खडी फोडायला होती, हातोडी बसून वाकडं झालेलं अंगठ्याचं नख शेवटपर्यंत तसंच होतं. पैसा मजुरीपुरता, त्यामुळं माती पडली, खडी पडली अन काम तिथंच थांबलं, डांबर आलं तेव्हा मी चौथीत होतो. असे अर्धवट रस्ते तेव्हा गावोगाव होते.

मग १९८३ ला दांडेकर समिती नेमली, तिनं अनुशेष मोजला, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा कुठं किती विकास मागं राहिला त्याचा हिशोब, राज्याचा मिळून ३,१८६ कोटी, त्यात मराठवाड्याचा साधारण ७५१ कोटी. गंमत म्हणजे विदर्भ-मराठवाडा सोडून उरलेल्या महाराष्ट्राचा अनुशेष आपल्यापेक्षा जास्त निघाला, ११८९ कोटी! कारण हिशोब जिल्हावार केला होता, तिकडचे मागं राहिलेले जिल्हेही त्यात आले. तेव्हापासून आकड्यांवरून जी भांडणं लागली ती लागलीच. १९९४ ला अनुशेषावर लक्ष ठेवायला प्रदेशवार वैधानिक विकास मंडळं आली, निधीवाटपाचे निर्देश द्यायचा अधिकार राज्यपालांकडं गेला. या सगळ्या वर्षांत शंकरराव, निलंगेकर, विलासराव, अशोकराव असे चार मुख्यमंत्री आपल्याकडचेच झाले, हेही लपवायचं कारण नाही.

माझ्या मते खरा फरक पडला तो १९९६ ला, एमएसआरडीसी म्हणजे राज्याचं रस्ते विकास महामंडळ निघालं तेव्हा. कर्ज, रोखे काढायचे, रस्ता बांधायचा अन टोलमधून फेडायचं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे असाच झाला. पण मग जिथं गाड्या जास्त तिथं पैसा आधी, आणि लातूर-टेंभुर्णीसारखा रस्ता वर्षानुवर्षं चौपदरीकरणाच्या मागणीतच. अनुशेषाच्या भाषेला इथं कुणी विचारेना.

तिकडं मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मुदतवाढीचा विषय विधानसभेत निघाला तर अजित पवारांनी तो राज्यपालांकडं अडकलेल्या, विधान परिषदेवर नेमायच्या १२ आमदारांच्या यादीशी जोडला, यादी मंजूर करा, मंडळं करू. म्हणजे आपला निधी कुणाच्या आमदारकीच्या बदल्यात!

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग आला, ७०१ किलोमीटर, मराठवाड्यातले जिल्हे दोनच, जालना अन संभाजीनगर. सुरुवातीला जमिनीवरून शिवसेना विरोधात होती, पुढं त्याच रस्त्याला बाळासाहेबांचं नाव लागलं. मग जालना-नांदेड जोडरस्ता जाहीर झाला, मधल्या लोकांनाही काहीतरी मिळावं म्हणून.

आता शक्तिपीठ, वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, २०२५ च्या आराखड्यात ८०२ किलोमीटर, साधारण ८६ हजार कोटी. जून २०२५ ला मंत्रिमंडळानं २०,७८७ कोटींना मंजुरी दिली, त्यात भूसंपादनासाठी हुडको या केंद्राच्या वित्तसंस्थेचं १२ हजार कोटी कर्ज, बाकी व्याज. राज्यावरचं कर्ज तेव्हाच ९ लाख कोटींच्या वर होतं. यावर विरोधक कंत्राटदारांसाठी म्हणतात, सरकार म्हणतं मराठवाड्याचं नशीब बदलेल, माहूर, औंढा, परळी, तुळजापूर जोडले जातील. पण अर्धापूरच्या केळीवाल्याला किंवा वसमतच्या हळदवाल्याला विचारा, बागायती जमीन गेल्यावर तशी परत मिळत नाही, आणि एक्सप्रेसवेला गावातून चढता येत नाही, इंटरचेंज असेल तिथूनच चढायचं. कोल्हापूरकरांनी आरडाओरडा केला तर तिथली भूसंपादनाची अधिसूचना २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या आधी मागं घेतली, हे इकडच्या लोकांनी नीट बघितलंय.

आजीनं खडी फोडलेला रस्ता अजून आहे, पाच किलोमीटर. साइडपट्ट्या वाहून गेल्यात, समोरून ऊसाचा ट्रॅक्टर आला की मोटरसायकल खाली उतरवावी लागते. विचारायला गेलं की एकच उत्तर, निधी नाही.