पाववडा : नाशिकच्या गाडीवरच्या नाश्त्यामागचा इतिहास

वडापाव नाशिकमध्येही मिळतो, पण नाशिककराच्या जिभेवर जास्त रुळलेला आहे तो पाववडा. पाव मधोमध चिरून आत लसणाची चटणी फासायची, बटाट्याची भाजी दाबून भरायची आणि अख्खा पाव बेसनात बुडवून कढईत सोडायचा. बाहेरगावी हाच उलटा वडापाव म्हणून ओळखला जातो. माझ्या मते महाराष्ट्रातलं हे अस्सल सँडविच आहे आणि त्याचं जितकं कौतुक व्हायला हवं तितकं झालेलं नाही.

यातलं बेसन तेवढं आपलं. पाव पोर्तुगीजांबरोबर गोवा-वसईच्या किनाऱ्यावर आला. तिथे यीस्टऐवजी ताडी घालून पीठ आंबवलं जाई. मिरची आणि बटाटाही त्याच समुद्रवाटेने आले. मिरची घाटावर चटकन रुजली, बटाट्याला वेळ लागला, आणि पावाला तर सर्वांत जास्त. बेकरीतलं, परक्या हातांनी मळलेलं आणि वर आंबवलेलं! सोवळ्या घरांत त्याला थारा नव्हता. किनाऱ्यावर तर विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या कथा पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. नाशिकसारख्या तीर्थक्षेत्राच्या ठिकाणी हा संकोच सहजासहजी सुटण्यातला नव्हता.

तो सैल व्हायला रेल्वे आणि नोकऱ्या कारणीभूत झाल्या. १८६५ साली थळ घाट ओलांडून रेल्वे इगतपुरीला आली आणि मुंबई नाशिकच्या हाताशी आली. देवळालीला इंग्रजांची छावणी होती. गोऱ्या पलटणी म्हटल्या की पाव-बिस्किटं आलीच. नाशिकरोडला १९२५ मध्ये सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ मध्ये नोटांचा छापखाना सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. पाळीवर जाणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या खाता येईल, पोटाला आधार होईल आणि खिशाला परवडेल असं काहीतरी हवं होतं. डबा घरून येई, पण सकाळच्या पाळीआधीची आणि रात्रपाळीनंतरची भूक गाडीवरच भागे.

मुंबईतही तेव्हा हेच घडत होतं. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ मध्ये वडापाव विकायला सुरुवात केली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. गिरणी कामगारांनी तो उचलून धरला. मुंबईला रोज रेल्वेने ये-जा करणारे नाशिककर कमी नाहीत. त्यामुळे तिकडची चव इकडे यायला कुणा जाहिरातीची गरज पडली नाही. काकडी-बीट-बटाट्याचं, हिरव्या चटणीचं, सिगडीवर चिमट्यात भाजलेलं सँडविचही मुंबईचंच. कच्छमधल्या मांडवीची दाबेली गुजरातच्या बाजूने आली. सरकारी मॉडर्न बेकरीज १९६५ मध्ये निघाल्यावर कापलेला ब्रेड मध्यमवर्गीय घरांत शिरला आणि बेसनात तळलेलं ब्रेड पॅटिस गाडीगाडीवर दिसू लागलं.

पाववडा दिसायला सोपा, करायला अवघड. अगदी ताजा, लुसलुशीत पाव पिठात बुडवला की फाटतो. जरा बसलेला, घट्ट पाव बरा. पीठ सैल झालं तर पाव ते पिऊन घेतो आणि आतून गिळगिळीत राहतो. जाड झालं तर वरचं कवच कच्चं लागतं. बेसनात ओवा, हळद, चिमूटभर सोडा. तेल मात्र कडकडीत तापलेलंच हवं, नाहीतर पाव तेलाने थबथबतो. चांगला कारागीर पाव सोडल्यावर झाऱ्याने त्याच्या पाठीवर तेल उडवत राहतो, म्हणजे वरचं बेसन लगेच धरतं आणि उलटताना भाजी बाहेर येत नाही. मग सोबत मीठ लावलेल्या तळल्या मिरच्या. एका पाववड्यात माणसाची सकाळ भागते.

मिसळीने नाशिकला नाव मिळवून दिलं, ते योग्यच. पण मिसळ खायला टेबल लागतं, निवांत वेळ लागतो आणि रविवारी रांगेत उभं राहावं लागतं. पाववडा कामाच्या दिवसाचा. आता कॉलेज रोडला त्यात चीजही भरतात. पोरांना आवडतं तर खाऊ देत. पण चीज वितळलं की लसणाची चटणी दबते, आणि माझ्यासाठी खरी चव त्या चटणीतच आहे.