वर ७-८-९ की १-२-३: अंकांच्या दोन मांडण्या आणि त्यांची अदलाबदल

दुकानदार कॅल्क्युलेटरवर बिलाची बेरीज मारतो तेव्हा त्याच्या बोटांपुढे वरच्या ओळीत ७-८-९ असतात. गिऱ्हाईक तीच रक्कम मोबाइलमध्ये टाकतं तेव्हा वरच्या ओळीत १-२-३. त्याच मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडला की परत ७-८-९. बटणांचे जुने मोबाइल होते तेव्हा त्यातलं गणितही डायलच्याच बटणांवर करावं लागायचं, कारण बटणं बदलता येत नव्हती. आता काचेवर हवी ती मांडणी काढता येते, तरी दोन्ही मांडण्या आपापल्या जागी टिकून आहेत. कॉम्प्युटरचा नमपॅड (कीबोर्डच्या उजवीकडचा अंकांचा चौकोन) उलटा करून फोनसारखा करायचा, किंवा फोनसारखा असलेला पॅड कॅल्क्युलेटरसारखा करायचा, ही मागणी अधूनमधून ऐकू येते ती याच दुहेरी कारभारामुळे.

खरं पाहिलं तर दोन्हींत फरक आहे फक्त दोन ओळींचा. मधली ४-५-६ जिथल्या तिथे, शून्यही खालीच. वरची ओळ खाली आणि खालची वर, एवढंच. पण या दोन ओळींच्या मागे दोन वेगळे धंदे आहेत आणि दोन वेगळ्या प्रकारचे हात आहेत.

आधी हिशेबाच्या यंत्रांचा हात. शिकागोच्या डॉर फेल्टने १८८४-८५ च्या सुमारास मॅकरोनीच्या लाकडी खोक्यात, मांस भाजायच्या काड्या आणि रबरबँड वापरून बेरजेच्या यंत्राचा पहिला नमुना जुळवला. त्याचं पुढे कॉम्प्टोमीटर झालं आणि १८८७ मध्ये त्याला पेटंट मिळालं. या यंत्रात एकं, दहं, शतं असा प्रत्येक स्थानाला बटणांचा स्वतंत्र उभा रकाना असे आणि प्रत्येक रकान्यात १ ते ९ अशी नऊ बटणं. आठ रकान्यांचं यंत्र म्हणजे ७२ बटणं. शून्याचं बटणच नाही, त्या रकान्यात काही दाबलं नाही की झालं शून्य. रकान्यात १ सगळ्यात खाली, म्हणजे हाताजवळ, आणि ९ सगळ्यात वर, लांब.

ही यंत्रं चालवणाऱ्यांची कसब पाहण्यासारखी होती. बटण दाबलं की तो अंक लगेच बेरजेत जमा व्हायचा, त्यामुळे तयार ऑपरेटर १ ते ५ एवढीच बटणं वापरायचे. आठ हवेत? चार दोनदा दाबा. नऊ हवेत? पाच आणि चार. हात वरच्या अर्ध्या भागात न्यायचाच नाही. विषम अंकांची बटणं खोलगट आणि सम अंकांची सपाट असत, म्हणजे न बघता बोटाला कळावं. नजर कागदावर, हात यंत्रावर. ‘लहान अंक हाताजवळ’ ही सोय या कामात मुरली ती अशी. आपल्याकडेही सरकारी कचेऱ्यांत ‘कॉम्प्टोमीटर ऑपरेटर’ हे पद होतं, जुन्या नोकरदारांना आठवत असेल.

मग दहा बटणांची यंत्रं आली. डाल्टन कंपनीच्या यंत्रात ती दोन आडव्या ओळींत होती. आज आपण पाहतो तो तीन गुणिले तीनचा चौकोन आणि खाली शून्य ही मांडणी आणली डेव्हिड सुंडस्ट्रँडने, १९१४ च्या सुमारास, इलिनॉयमधल्या रॉकफर्ड गावात. ९ वर आणि १ खाली हा जुना चढता क्रम त्याने कायम ठेवला. एक पंजा, तीन बोटं, तीन रकाने आणि शून्याला अंगठा. हात न हलवता सगळे अंक आवाक्यात. माझ्या मते बटणांच्या मांडणीतल्या उत्तम कल्पनांपैकी ही एक आहे, आणि तिच्या कर्त्याचं नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही. १९२७ मध्ये हे यंत्र अंडरवुड या टाइपरायटरवाल्या कंपनीकडे गेलं, अंडरवुड सुंडस्ट्रँड या नावाने भरपूर खपलं, आणि पुढच्या इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटरांनी ही मांडणी जशीच्या तशी उचलली.

टेलिफोनची गोष्ट वेगळीकडून सुरू होते. गोल डायल फिरवून सोडली की लाइनवर ठोके जायचे: १ ला एक ठोका, २ ला दोन, आणि शून्याला दहा. म्हणून डायलवर शून्य १ च्या आधी नाही, ९ च्या नंतर येतं. अमेरिकेत डायलवर अक्षरंही होती, २ वर ए-बी-सी, ३ वर डी-ई-एफ अशी, कारण एक्स्चेंजच्या नावांची पहिली अक्षरं डायल करायची पद्धत होती. बटणांचा फोन करायचा ठरला तेव्हा हा सगळा पसारा सोबत होता.

हे काम अमेरिकेतल्या बेल या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या मानसशास्त्रज्ञांकडे गेलं. त्यांचा प्रमुख जॉन कार्लिन, जोहान्सबर्गमध्ये जन्मलेला, उत्तम व्हायोलिन वाजवणारा. याच्या गटाची एक गोष्ट सांगतात: फोनची वायर किती लांब असायला हवी हे शोधायला त्यांनी सहकाऱ्यांच्या फोनच्या वायरी रात्री गुपचूप एकेक इंचाने कमी केल्या. फूटभर कमी होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. लोकांना विचारण्यापेक्षा लोक काय करतात ते पाहायचं, ही त्यांची रीत.

१९५५ मध्ये मेरी लुट्झ आणि अल्फॉन्स चॅपनिस यांनी मात्र लोकांना विचारलंच. रिकामी बटणं समोर ठेवून, कुठला अंक कुठे असावा असं वाटतं ते भरायला सांगितलं. बहुतेकांनी वाचनाच्या क्रमाने भरलं, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. त्यानंतर रिचर्ड डायनिंगरने बटणांच्या डझनाहून अधिक मांडण्या प्रत्यक्ष लोकांकडून वापरून घेतल्या. दोन आडव्या ओळी, दोन उभ्या ओळी, डायलसारखं वर्तुळ, कॅल्क्युलेटरची मांडणी, सगळं त्यात होतं. त्याचा अहवाल जुलै १९६० मध्ये बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात छापून आला. चांगल्या निघालेल्या मांडण्यांमध्ये वेगाचा आणि चुकांचा फरक थोडाच होता. मग यंत्राच्या रचनेला आटोपशीर अशी तीन गुणिले तीन आणि खाली एक ही मांडणी घेतली गेली, १-२-३ वर ठेवून. अक्षरांचा क्रमही त्यामुळे सरळ राहिला, उलटी मांडणी घेतली असती तर ए-बी-सी तळाशी गेलं असतं.

इथे एक लोकप्रिय कहाणी येते. कॅल्क्युलेटरवर सरावलेले लोक फार वेगाने नंबर दाबतील, एक्स्चेंजला ते झेपणार नाही, म्हणून फोनची मांडणी मुद्दाम उलटी केली म्हणे. ऐकायला छान आहे, पण डायनिंगरच्या अहवालात असलं काही नाही. तिथे उलट लोकांना जलद आणि बिनचूक नंबर कसा दाबता येईल याचीच धडपड दिसते. घरोघरी फोन करणारी माणसं म्हणजे काही सरावलेले कारकून नव्हते. दिवसातून दोन-चारदा, बटणांकडे बघत नंबर दाबणाऱ्यांसाठी हा पॅड होता. केंब्रिजमधल्या कॉनरॅड आणि हल यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही नवशिक्यांच्या हातून फोनच्या मांडणीवर कमी चुका झाल्या.

१८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या दोन गावांत ही सेवा ग्राहकांसाठी सुरू झाली. पहिल्या फोनला दहाच बटणं होती, चांदणी आणि हॅशची बटणं १९६८ मध्ये आली. बटण दाबलं की दोन सूर एकदम वाजतात, एक आडव्या ओळीचा, एक उभ्या रकान्याचा. वरच्या ओळीचा ६९७ हर्ट्झ, पहिल्या रकान्याचा १२०९. हे दोन मिळाले की एक्स्चेंजला कळतं, १ दाबला. म्हणजे अंकाची जागा थेट सुरांत बांधली गेली. पुढे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ई.१६१ या शिफारशीने फोनची मांडणी जगभर एकसारखी झाली.

कॉम्प्युटर यात कुठे होता? गंमत म्हणजे सुरुवातीला तो फोनच्या बाजूला होता. कॉम्प्युटरला माहिती द्यायला कार्डांना भोकं पाडायच्या आयबीएमच्या ०२९ या यंत्रावर (हे १९६४ मधलं) अंक अक्षरांच्याच बटणांवर बसवलेले असत: यू-आय-ओ वर १-२-३, जे-के-एल वर ४-५-६. आजच्या काही लहान लॅपटॉपमध्ये अक्षरांच्या बटणांत लपवलेला नमपॅड असतो, त्यात यू-आय-ओ वर ४-५-६ येतात आणि जे-के-एल वर १-२-३. तीच बटणं, तोच हात, पण घराणं बदललेलं. १९८१ च्या आयबीएम पीसीने कॅल्क्युलेटरचा पॅड उजवीकडे बसवला आणि त्यातच बाणही कोंबले: नम लॉक बंद असेल तर ८ म्हणजे वर, २ म्हणजे खाली. ही एक गाठ आज उलटापालट करणाऱ्याच्या आड येते.

एटीएम मात्र बहुतेक सगळीकडे फोनच्या वाटेने गेलं. २७ जून १९६७ रोजी लंडनजवळ एनफिल्डमध्ये बार्कलेज बँकेने लावलेल्या यंत्रामागचा जॉन शेफर्ड-बॅरन जन्माने शिलाँगचा. सहा आकडी पिनचा त्याचा विचार होता, पण बायको म्हणाली की मला चारच आकडे लक्षात राहतात. म्हणून चार. भारतातलं पहिलं एटीएम १९८७ मध्ये मुंबईत एचएसबीसीने लावलं.

पिनच्या बाबतीत मांडणी थेट डोक्यात शिरते, कारण पुष्कळांना पिन आकड्यांनी नाही, बोटाच्या वाटेने आठवतो. २५८० हा फुटलेल्या पिनांच्या याद्यांत वारंवार दिसतो, कारण फोनच्या पॅडवर ती मधली सरळ उभी रेघ आहे. त्याच वाटेने नमपॅडवर बोट फिरवलं की ८५२० निघतात. एटीएमवर डोळे झाकून पिन दाबणारा माणूस कॉम्प्युटरच्या नमपॅडसमोर अडखळतो तो यामुळे.

हिशेबनिसांसाठी यातून एक कामाची खूण निघते. मांडणीची गल्लत झाली की ७ चा १ होतो, ८ चा २, ९ चा ३, किंवा उलट. प्रत्येक जोडीत फरक बरोबर ६ चा. म्हणून २३५० ऐवजी ८९५० पडले तर फरक ६६०० येतो आणि तो ६ ने भागला जातो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले की फरक ९ ने भागला जातो ही युक्ती बहुतेक अकाउंटंटना माहीत असते. क्लोजिंगला टॅली लागत नसेल तर ९ नंतर ६ नेही भागून बघावं. रकमेत नुसते ४, ५, ६ आणि शून्य असतील तर मात्र गल्लत होतच नाही.

आता प्रत्यक्ष अदलाबदल. कीबोर्डच्या अंकपॅडसाठीच्या आयएसओ ९९९५ प्रमाणात दोन्ही मांडण्यांना जागा आहे, त्यामुळे फोनसारखा नमपॅड काही नियमबाह्य नाही. लिनक्समध्ये यासाठी तयार पर्याय आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये अंकपॅडच्या मांडण्यांत ‘फोन आणि एटीएम पद्धत’ अशा अर्थाची नोंद सापडते. मॅकवर कॅराबिनर-एलिमेंट्स हे बटणं बदलायचं सॉफ्टवेअर वापरतात. विंडोजमध्ये रजिस्ट्रीत (म्हणजे सेटिंगच्या अंतर्गत नोंदवहीत) ‘स्कॅनकोड मॅप’, म्हणजे कुठल्या बटणाचा कोड कुठल्या बटणाचा समजायचा याचा तक्ता, भरून सहा बटणांची अदलाबदल करता येते आणि मशीन पुन्हा चालू केलं की ती लागू होते. कीबोर्डच्या आतच चालणारं क्यूएमकेसारखं सॉफ्टवेअर असलेल्या कीबोर्डमध्ये तर ही मांडणी कीबोर्डच्याच पोटात राहते, कुठल्याही मशीनला जोडा.

पण यात खाचाखोचा आहेत. स्कॅनकोड बदलला की बाणही उलटतात, नम लॉक बंद करून वरचं बटण दाबलं तर कर्सर खाली जातो. ही सोय संपूर्ण मशीनला लागते, एका माणसाला नाही. त्यामुळे काउंटरवर दोन पाळ्यांत दोन माणसं बसत असतील तर तिथे हा उद्योग करूच नये. याउलट लॉगिननंतर सुरू होणारं सॉफ्टवेअर वापरलं तर लॉगिनचा पिन जुन्या मांडणीत आणि पुढचं सगळं काम नव्या मांडणीत, असा प्रकार होतो. बटणांच्या टोप्या काढून अदलाबदल करता येते, पण उतार असलेल्या कीबोर्डवर प्रत्येक ओळीच्या टोपीचा कोन वेगळा असतो, जागा बदलल्या की त्या बोटाला टोचल्यासारख्या लागतात. लॅपटॉपच्या सपाट बटणांवर कागदी स्टिकर पुरतात. ५ वरचा उंचवटा मात्र दोन्ही मांडण्यांत तिथेच असतो, त्याला हात लावायची गरज नाही.