स्टेनोसिस: ७० टक्के म्हणजे नेमके किती?

‘स्टेनोसिस’ हा शब्द ग्रीक ‘स्टेनोस’वरून, म्हणजे ‘अरुंद’वरून आला. वैद्यकात तो रक्तवाहिनीसारखी नळी अरुंद झाल्याची फक्त अवस्था सांगतो, कारण नाही: चरबीचा थर, सूज किंवा जन्मजात दोष, काहीही असू शकते. ‘स्टेंट’शी, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीशी, त्याचे नाते नाही, ते नाव एका इंग्रज दंतवैद्याच्या आडनावावरून आले.

अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिनीत रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे, आली आणि जिवंत माणसाच्या रक्तवाहिनीतला अरुंदपणा टक्क्यांत मोजला जाऊ लागला. अँजिओग्राफीत सावली दिसते, म्हणून मोजला जातो व्यास. व्यास ५० टक्के घटला की आतली जागा ७५ टक्के घटते. अहवालातला आकडा व्यासाचा की क्षेत्रफळाचा, हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

खरा गोंधळ मानेतल्या, मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीचा. १९९१ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, एक उत्तर अमेरिकेची, दुसरी युरोपची. पक्षाघाताची लक्षणे येऊन गेलेल्या रुग्णांत ७० टक्क्यांपुढे धमनीतला थर काढण्याच्या शस्त्रक्रियेचा फायदा होतो, असे दोघींनी सांगितले. पण मोजपट्ट्या वेगळ्या होत्या. अमेरिकी पद्धत सर्वांत अरुंद जागेची तुलना पुढच्या निरोगी भागाशी करते. युरोपीय पद्धत त्याच जागेच्या अंदाजे मूळ व्यासाशी. अरुंदपणा बहुधा धमनीच्या सुरुवातीच्या फुगीर भागात असतो; त्याचा मूळ व्यास ८ मिमी, पुढची धमनी ५ मिमी आणि उरलेली वाट २.५ मिमी असेल, तर पहिलीनुसार ५० टक्के, दुसरीनुसार ६९. रुग्ण तोच, धमनी तीच. पुढे युरोपीय प्रतिमा अमेरिकी पद्धतीने पुन्हा मोजल्या, तेव्हा निष्कर्ष जुळले. मोजणीची पद्धत आधीच एक ठरवायला हवी होती.

अमेरिकी पद्धत आता जास्त वापरात आहे, पण तिचीही एक खोच आहे. धमनी जवळजवळ बंद होत आली की पुढचा भागही आक्रसतो, भाजक लहान होतो आणि टक्केवारी खोटी कमी येते. अशा वेळी आकडा न देता ‘जवळजवळ बंद’ असे लिहिणे योग्य.

डॉपलरची, म्हणजे रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीची, टक्केवारी तर मुख्यतः रक्ताच्या वेगावरून बांधलेला अंदाज असते. कमाल वेग सेकंदाला २३० सेंमीपेक्षा जास्त असेल तर साधारण ७० टक्के किंवा अधिक धरतात. दुसऱ्या बाजूची कॅरोटिड बंद असेल तर या बाजूचा वेग आपोआप वाढतो आणि अरुंदपणा आहे त्याहून मोठा वाटतो. म्हणून शस्त्रक्रिया ठरवण्याआधी सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीने खात्री करून घ्यावी.