‘एकाच वेळी’चा आग्रह: मल्टिपल बेसलाइन रचनेची पार्श्वभूमी

हस्तक्षेप, म्हणजे वर्तन बदलण्यासाठीचा उपाय, सुरू करायचा, मागे घ्यायचा, पुन्हा सुरू करायचा आणि दरवेळी वर्तन बदलते का पाहायचे, ही रिव्हर्सलची पद्धत प्राण्यांवरील प्रयोगांत रुळलेली होती. १९६०च्या दशकात वर्तन-संशोधन शाळेत आणि वॉर्डात आले, तेव्हा तिची मर्यादा उघडी पडली. वाचायला शिकलेले मूल शिकवणे थांबले म्हणून वाचन विसरत नाही. आणि डोके आपटून घेणारे मूल शांत झाल्यावर केवळ पुराव्यासाठी ते आपटणे परत येऊ द्यायचे, हे कोणाच्या मनाला पटणार?

१९६८ साली उपयोजित वर्तन-विश्लेषणाच्या नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षी एका लेखाने रिव्हर्सलच्या जोडीला मल्टिपल बेसलाइन मांडली. बेसलाइन म्हणजे हस्तक्षेपाआधीच्या नोंदींचा काळ. अनेक वर्तने मोजत राहायची, हस्तक्षेप एकावरच करायचा, बाकीची जागच्या जागी आहेत ना हे पाहायचे, मग दुसऱ्याकडे वळायचे. किती बेसलाइन पुरेत, हे त्या लेखाने ठरवले नाही; ज्यांना पटवायचे त्यांच्यावर सोडले. २०१०मध्ये अमेरिकेतील शिक्षण-संशोधनाच्या निकषांनी ही मोकळीक काढून घेतली: किमान तीन वेगवेगळ्या वेळी परिणाम दिसण्याची संधी, सहा टप्पे (तीन बेसलाइन, तीन हस्तक्षेप), प्रत्येक टप्प्यात पाच नोंदी, नोंदी तीन-चारच असतील तर अभ्यास फक्त सशर्त ग्राह्य.

एकाच व्यक्तीची अनेक वर्तने म्हटली की ती एकाच काळात मोजली जाणे ओघानेच आले. पुढे वर्तनांच्या जागी वेगवेगळी ठिकाणे आली, वेगवेगळ्या व्यक्ती आल्या, आणि तो ओघ तुटला. सारखीच अडचण असलेल्या तीन व्यक्ती एकाच आठवड्यात दारात येत नाहीत. १९८१मध्ये यावर उपाय सुचवला गेला. बेसलाइनच्या लांबी आधीच ठरवायच्या, समजा ५, १० आणि १५ दिवस. जी व्यक्ती येईल तिला यांतली एक यादृच्छिक पद्धतीने द्यायची. तिघांच्या तारखा एकमेकींशी जुळण्याची गरज नाही. या प्रकाराला असमकालिक मल्टिपल बेसलाइन म्हणू लागले.

या नावानेच घोळ घातला. ‘असमकालिक’ म्हटले की काहीतरी उणे आहे असे वाटते, आणि पुढची अनेक वर्षे त्याची गणना दुय्यम पुराव्यात होत राहिली. आक्षेप साधा होता: बाहेर काही घडले, उदाहरणार्थ शिक्षक बदलला, तर दुसऱ्या बेसलाइनवर त्याच दिवशी काय झाले हे पाहायला मिळत नाही. आक्षेप खरा आहे, पण त्याला दिलेले वजन मला अवाजवी वाटते. शिक्षक एकाच मुलाचा बदलला असेल तर शेजारच्या मुलाची बेसलाइन, समकालिक असूनही, काहीच सांगणार नाही. शेजारच्या बेसलाइनने सावध करावे यासाठी ती घटना दोघांपर्यंत पोहोचायला हवी, आणि दोघांवर तिचा परिणामही व्हायला हवा. उलट तीन वेगळ्या महिन्यांत, तीन वेगळ्या व्यक्तींत, बदल नेमका हस्तक्षेपापाशीच दिसत असेल, तर प्रत्येक वेळी तिथेच एखादी बाहेरची घटना घडली असे मानणे कठीण जाते.

अलीकडच्या मांडणीने हा गुंता बराच सोडवला आहे, आणि ती २०२०नंतरची आहे याचे आश्चर्य वाटते. तिच्यानुसार हस्तक्षेपांतले अंतर तीन प्रकारे मोजायला हवे. तारखांतले अंतर बाहेरच्या घटनांना उत्तर देते. बेसलाइन सुरू झाल्यापासूनच्या दिवसांतले अंतर आपोआप होणाऱ्या वाढीला. आणि सत्रांच्या, म्हणजे मोजणीच्या बैठकांच्या, संख्येतले अंतर, वारंवार मोजल्यामुळेच होणाऱ्या बदलाला. (हा शेवटचा धोका ओळखून १९७८मध्येच रोज न मोजता अधूनमधून मोजण्याचा प्रकार निघाला होता.) पहिली बेसलाइन ५ दिवसांची आणि दुसरी १० दिवसांची, पण दुसरी पाच दिवस आधी सुरू झालेली, असे असमकालिक रचनेत सहज घडते. मग दोन्ही हस्तक्षेप एकाच तारखेला येतात. दिवसांचे आणि सत्रांचे अंतर शाबूत, तारखांचे शून्य. असमकालिक रचनेची खरी कच्ची बाजू इथे आहे, आणि तारखा पाहून ती टाळता येते.

अडचण अशी की प्रसिद्ध आलेखांच्या आडव्या अक्षावर बहुधा सत्रांचे क्रमांकच असतात. ओळी एकाखाली एक नेटक्या लावलेल्या दिसतात. पण तिसऱ्या व्यक्तीचे पहिले सत्र पहिल्या व्यक्तीबरोबर झाले की चार महिन्यांनी, हे त्यावरून कळत नाही.