हेबियस कॉर्पस

एखाद्याला अडकवून ठेवणाऱ्या व्यक्तीने किंवा अधिकाऱ्याने त्याला न्यायालयापुढे हजर करावे आणि कोणत्या अधिकाराने धरून ठेवले आहे ते सांगावे, असा न्यायालयाचा आदेश. लॅटिन शब्दांचा अर्थ ‘शरीर तुझ्यापाशी असू दे’ एवढाच. भारतीय राज्यघटनेच्या मराठी पाठात यासाठी ‘देहोपस्थिती’ हा शब्द योजला आहे. वकिलांच्या आणि वर्तमानपत्रांच्या तोंडी मात्र हेबियस कॉर्पसच आहे.

हा आदेश कैद्याला उद्देशून नसतो आणि ‘सरकार’ नावाच्या अमूर्त गोष्टीलाही नसतो. ज्याच्या हातात कुलपाची किल्ली आहे त्याला तो बजावला जातो, मग तो तुरुंगाधिकारी असो, जहाजाचा कप्तान असो की मुलीचा बाप. कैदी गुन्हेगार आहे की निर्दोष, हे न्यायालय येथे विचारत नाही. कोणत्या अधिकाराने, एवढेच विचारते. प्रश्न इतका अरुंद असल्यामुळेच तो टाळणे अवघड जाते. म्हणून राज्यकर्त्यांनी बहुधा प्रश्न नाकारला नाही. उत्तरादाखल दाखवायला एक कागद तयार ठेवला. त्या कागदात काय असले म्हणजे पुरे, यावरून झालेली रस्सीखेच म्हणजे हेबियस कॉर्पसचा इतिहास.

इंग्लंडमधील घडण

१२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे इंग्लंडच्या राजाने दिलेल्या हक्कांच्या सनदेच्या, ३९व्या कलमाशी हेबियस कॉर्पसचे नाते जोडण्याची प्रथा आहे. स्वतंत्र माणसाला देशाच्या कायद्याखेरीज किंवा त्याच्या बरोबरीच्यांच्या निवाड्याखेरीज कैद करता येणार नाही, असे ते कलम म्हणते. पण हा आदेश त्यातून जन्मला नाही. आरंभी तो माणसांना सोडवण्यासाठी नव्हे, तर कोर्टात आणण्यासाठी वापरला जाई. राजाची न्यायालये इतर न्यायालयांकडचे खटले आणि कैदी आपल्याकडे ओढून घेऊ लागली, तेव्हा त्याला धार आली. म्हणजे स्वातंत्र्याचे हे साधन निपजले ते न्यायालयांच्या आपसातल्या हद्दीच्या भांडणातून.

१६२७ मध्ये पहिल्या चार्ल्सने सक्तीचे कर्ज मागितले आणि पाच सरदारांनी ते देण्यास नकार दिला. त्यांना तुरुंगात टाकले. हेबियस कॉर्पस बजावल्यावर तुरुंगाधिकाऱ्याने उत्तर दिले : ‘महाराजांच्या खास आज्ञेने.’ गुन्ह्याचे नाव नाही, कलम नाही. न्यायाधीशांनी त्यांना सोडले नाही. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने हक्कांचा अर्ज राजाकडून मान्य करून घेतला. कारण न सांगता कैद करू नये, हे त्यातले एक मुख्य कलम होते.

१६७९ च्या कायद्याने या हक्काला घड्याळ लावले. वीस मैलांच्या आत असलेल्या तुरुंगाने तीन दिवसांत कैदी हजर करायचा, शंभर मैलांपर्यंत दहा दिवसांत, त्यापलीकडे वीस दिवसांत. टाळाटाळ करणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याला पहिल्या खेपेस १०० पौंड दंड, आदेश नाकारणाऱ्या न्यायाधीशाला ५००. कैद्यांना समुद्रापार नेऊन ठेवण्याची युक्तीही बंद केली, कारण ती आधी वापरून झाली होती. हे विधेयक उमराव सभेत कसे तरले, त्याची गोष्ट बिशप बर्नेटने लिहून ठेवली आहे : मते मोजणाऱ्याने एका लठ्ठ उमरावाला थट्टेने दहा धरले आणि समोरच्याच्या ते ध्यानात आले नाही. नोंदलेली मते हजर सभासदांपेक्षा जास्त भरतात, एवढे खरे.

सत्ता नेहमी सरकारचीच असते असे नाही. १७७२ मध्ये जेम्स सॉमरसेट हा गुलाम लंडनमध्ये जहाजावर बेड्या घालून ठेवला होता. मालक त्याला जमैकात विकणार होता. आदेश गेला कप्तानाला. लॉर्ड मॅन्सफिल्डने अशा ताब्याला इंग्लंडच्या कायद्यात आधार नाही म्हणून त्याला सोडले. अमेरिकेच्या राज्यघटनेत बंड किंवा आक्रमण झाले तरच हा हक्क तहकूब करता येतो. लिंकनने १८६१ मध्ये काँग्रेसला न विचारताच तो तहकूब केला. सरन्यायाधीश टॉनी यांनी त्याला हे करता येत नाही असा निर्णय दिला. सेनाधिकाऱ्याने तो जुमानला नाही.

मुंबई, १८२८

हिंदुस्थानात या आदेशावरून सर्वांत मोठा तमाशा झाला तो मुंबईत. पेशवाई बुडून दहा वर्षे झाली होती. मुंबई बेटावर १८२४ पासून राजाचे सुप्रीम कोर्ट होते. घाटावरच्या मुलखात कंपनी सरकारच्या अदालती. मोरो रघुनाथ हा पुण्यातला अल्पवयीन मुलगा पांडुरंग रामचंद्र या प्रतिष्ठित नातलगाच्या ताब्यात होता. त्याला मुंबईत हजर करा, असा आदेश सुप्रीम कोर्टाने पुण्याला धाडला. ठाण्याच्या तुरुंगातील बापू गणेश या कैद्याबद्दलही तसाच आदेश निघाला.

गव्हर्नर सर जॉन माल्कमला हे सहन झाले नाही. दख्खनच्या सरदारांना मानमरातबाची हमी देऊन इंग्रजांनी मुलूख शांत ठेवला होता. त्यांच्या घरातला मुलगा मुंबईच्या कोर्टाने खेचून न्यायचा, तर त्या हमीला काय किंमत उरली? बेटाबाहेरच्या लोकांवर बजावलेल्या अशा आदेशांना यापुढे उत्तर द्यायचे नाही, असे त्याने ऑक्टोबर १८२८ मध्ये कोर्टाला कळवले. सरन्यायाधीश वेस्ट ऑगस्टमध्येच वारले होते, न्यायमूर्ती चेंबर्स ऑक्टोबरमध्ये गेले. एकटे उरलेले सर जॉन पीटर ग्रँट मागे हटले नाहीत. सरकार आदेश पाळत नाही तोवर कोर्ट चालवण्यात अर्थ नाही, म्हणून १ एप्रिल १८२९ रोजी त्यांनी कोर्टच बंद केले. कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो याने लंडनहून माल्कमला लिहिले की नवे दोन न्यायाधीश येतील आणि मग ग्रँटची अवस्था दोन माणसाळलेल्या हत्तींमधल्या रानटी हत्तीसारखी होईल. ते पत्र फुटले आणि छापून आले.

प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींची अपिले ऐकणाऱ्या लंडनच्या मंडळाने, १८२९ मध्ये माल्कमच्या बाजूने कौल दिला : बेटाबाहेर, कोर्टाच्या अधिकारकक्षेत न येणाऱ्या माणसांवर असा आदेश काढता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने तो टिकणारा होता. परिणाम मात्र असा की मुंबई बेटावर एक हक्क आणि बेटाबाहेर दुसरा.

बेटाबाहेर काय होते? १८२७ चा मुंबईचा २५वा रेग्युलेशन. ‘राजकैदी’ म्हणून कोणालाही खटल्याशिवाय ठेवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला होता. रँडच्या वधानंतर १८९७ मध्ये पुण्याच्या नातूबंधूंना याच रेग्युलेशनखाली उचलले. आरोपपत्र कधी आलेच नाही. १९१० मध्ये लंडनला अटक झालेल्या वि. दा. सावरकरांनी ब्रिक्स्टन तुरुंगातून हेबियस कॉर्पससाठी अर्ज केला. तो अपील कोर्टापर्यंत गेला आणि फेटाळला गेला, कारण फरारी आरोपींविषयीच्या १८८१ च्या कायद्याचा कागद इंग्रज सरकारपाशी तयार होता. १९४३ मध्ये केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने भारत संरक्षण नियमांतील स्थानबद्धतेचा २६वा नियमच अवैध ठरवला. सरकारने लगोलग वटहुकूम काढून तो मागील तारखेपासून वैध केला.

राज्यघटना आणि आणीबाणी

घटनेच्या ३२व्या कलमाने हा आदेश मागण्याचा हक्क थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, २२६व्या कलमाने उच्च न्यायालयांपर्यंत. ३२वे कलम म्हणजे घटनेचा आत्मा, असे डॉ. आंबेडकर घटना समितीत म्हणाले होते. त्याच घटनेच्या २२व्या कलमात मात्र खटल्याविना स्थानबद्धतेलाही जागा आहे. ती बनवणाऱ्यांपैकी अनेकजण स्वतः असेच आत राहून आलेले होते, हे लक्षात घेतले की हा विरोधाभास अधिकच बोचतो.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने समानता, जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य आणि अटकेबाबतचे संरक्षण देणाऱ्या १४, २१ आणि २२ या कलमांसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क तहकूब झाला. अंतर्गत सुरक्षा कायद्याला, म्हणजे ‘मिसा’ला, १६-अ कलम जोडले गेले. स्थानबद्धतेची कारणे कैद्याला सांगायची नाहीत, पुढे तर न्यायालयालाही दाखवायची नाहीत. १६२७ साली निदान ‘महाराजांच्या आज्ञेने’ एवढे लिहून द्यावे लागले होते. आता कागद होता, पण तो वाचायचा नव्हता.

तरीही नऊ उच्च न्यायालयांनी याचिका ऐकण्याचे ठरवले. बंगळुरूला पकडलेल्या वाजपेयी, अडवाणी आणि मधू दंडवते यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात दाद मागितली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातूनही प्रकरणे वर, सर्वोच्च न्यायालयात गेली. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले : एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून माणूस मारला तर उपाय काय? आणीबाणी असेपर्यंत काही नाही, असे उत्तर आले.

जबलपूर प्रकरण या नावाने ओळखला जाणारा निकाल २८ एप्रिल १९७६ रोजी लागला. सरन्यायाधीश राय, बेग, पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड आणि भगवती या चौघांनी, आणीबाणीत अशी याचिका करताच येत नाही, हे सरकारचे म्हणणे मान्य केले. स्थानबद्धांची सरकार जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेते, असेही बेग यांनी लिहिले. खन्ना एकटे विरोधात गेले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

या निकालाचा अर्थ केरळात एका बापाने पाहिला. अभियांत्रिकीचा विद्यार्थी राजन याला १ मार्च १९७६ रोजी पोलिसांनी नेले होते. वडील ईचर वारियर यांना हेबियस कॉर्पसचा अर्ज करता आला तो आणीबाणी उठल्यावरच. न्यायालयाने हजर करायला सांगितले आणि हजर करायला कोणी नव्हते. मुख्यमंत्री करुणाकरन यांना पायउतार व्हावे लागले. मृतदेह सापडलाच नाही. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही २०वे आणि २१वे कलम तहकूब करता येणार नाही असे ठरले. जबलपूरचा निकाल मात्र २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या प्रकरणात, रीतसर मोडीत निघाला. तो मोडणारा मजकूर लिहिणाऱ्यांत धनंजय चंद्रचूड होते, यशवंतरावांचे चिरंजीव.

सध्याचा वापर

महाराष्ट्रात आज स्थानबद्धतेची बातमी येते ती बहुधा १९८१ च्या ‘एमपीडीए’ या महाराष्ट्राच्या प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली. वाळूमाफिया, हातभट्टीवाले, झोपडपट्टीदादा यांना वर्षभरापर्यंत खटल्याविना ठेवता येते. त्यांच्या याचिका अनेकदा बारीकसारीक वाटणाऱ्या मुद्द्यांवर जिंकल्या जातात : अर्जाचा विचार करायला उशीर झाला, कागदाची प्रत वाचता येत नव्हती, भाषांतर दिले नाही. १९६२ च्या हरिकिसन प्रकरणात स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली होती आणि माणसाला हिंदीच कळत होते. पोलिसाने तोंडी समजावले हे पुरेसे नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. ‘तांत्रिक कारणावरून सुटला’ अशी कुरकुर यावर ऐकू येते. पण जिथे खटलाच नाही, तिथे तंत्राखेरीज माणसाच्या हाती दुसरे काय असते?

उरलेल्या याचिकांत मोठा वाटा असतो ‘मुलगी बेपत्ता’ प्रकरणांचा. बाप अर्ज करतो, पोलीस शोध घेतात, फौजदार तिला घेऊन येतो. एका बाकावर आईवडील बसतात, दुसऱ्यावर तो मुलगा आणि त्याचा वकील. न्यायमूर्ती बहुधा तिला दालनात एकटीला बोलावतात. आधार कार्ड किंवा शाळेच्या दाखल्यावरून वय तपासले जाते. तिला कुठे जायचे आहे, हे विचारले जाते. ती सज्ञान असेल आणि कोणी बळजबरी केलेली नसेल, तर तिला हवे तिथे जाण्यास मोकळीक असल्याचे नोंदवून याचिका निकाली निघते.