फाईल उडवली, तरी डिस्क फुल कशी?

लिनक्स वापरणाऱ्याला हे कधी ना कधी भेटतंच. डिस्क फुल झाल्याचा मेसेज येतो, आपण शोधून शोधून २० जीबीची लॉग फाईल काढतो, आरएम (फाईल डिलीट करायची कमांड) मारतो आणि तरी डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड १०० टक्केच दाखवते, वर डीयू ही दुसरी कमांड सगळे फोल्डर मोजून सांगते की एवढा माल इथे नाहीच्चे. खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही.

फाईलचं नाव वेगळं आणि फाईल वेगळी. फोल्डरमधे नाव आणि एक नंबर असतो, तो आयनोडचा, आणि फाईल केवढी, कोणाच्या मालकीची, डिस्कवर कुठल्या कुठल्या ब्लॉकमधे पडलीय हे सगळं त्या आयनोडमधे. आरएम फक्त नाव काढते. हजेरीपटावरून नाव खोडलं पण पोरगं वर्गातच बसलंय, तसला प्रकार. एखादा प्रोग्रॅम ती फाईल उघडून बसलाय तोवर कर्नल (लिनक्सचा गाभा) त्या ब्लॉकना हात लावत नाही. डीयू नावं धरून मोजते, डीएफ थेट फाईलसिस्टीमला विचारते, म्हणून आकडे जुळत नाहीत. रूट (म्हणजे अॅडमिन) होऊन एलएसओएफ चालवा, ती कुठल्या प्रोग्रॅमने कुठली फाईल उघडलीय ते दाखवते, ज्या ओळीत डिलीटेड दिसेल तो प्रोग्रॅम रीस्टार्ट करा, जागा मोकळी. फाईल चुकून उडाली असेल तर मात्र रीस्टार्ट अजिबात नको, प्रोक फोल्डरमधे त्या प्रोसेसच्या (चालू प्रोग्रॅमच्या) एफडी नावाच्या, उघड्या फाईलींच्या फोल्डरमधून ती कॉपी करून घेता येते.

आता खरी गोची. प्रोग्रॅम बंद झाला तरी ब्लॉक नुसते 'रिकामे' म्हणून मार्क होतात, आतला डेटा सहसा तसाच, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्रॅम नावं बघतच नाही, सरळ ब्लॉक वाचत सुटतो आणि जेपेगच्या सुरुवातीचे ठराविक बाइट दिसले की फोटो उचलतो. झेरॉक्सच्या दुकानात आधारची पीडीएफ प्रिंट करून आपण 'दादा, डिलीट करा हां' म्हणतो आणि निवांत घरी येतो! अमेरिकेत एमआयटीच्या दोघा विद्यार्थ्यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या, २००३ मधे निष्कर्ष छापले, त्यात हजारो क्रेडिट कार्ड नंबर सापडले आणि एक डिस्क तर चक्क एटीएमची निघाली.

मग फाईलवर दुसरंच काही लिहून ती पुसणारी श्रेड कमांड आहे ना? जुन्या फिरत्या डिस्कवर ठीक. एसएसडीत मात्र कंट्रोलर नवीन डेटा भलत्याच सेलमधे लिहितो आणि जुना कुठेतरी पडून राहू शकतो, त्यामुळे तिथे श्रेडचा भरवसा नाही. ट्रिममुळे एसएसडीला कळतं की हे ब्लॉक आता नकोत (उबुंटूत ते आठवड्यातून एकदा आपोआप चालतं), पण प्रत्यक्षात कधी पुसायचं ते तिचं ती ठरवते.

माझं मत विचाराल तर पुसत बसण्यापेक्षा लक्स (लिनक्समधली अख्खी डिस्क कुलूपबंद करायची सोय) एनक्रिप्शन बरं. डिस्कवर सगळं कुलूपबंदच लिहिलं जातं आणि लॅपटॉप विकताना नुसत्या चाव्या पुसल्या की उरलेला डेटा म्हणजे निव्वळ कचरा. फक्त ते इन्स्टॉल करतानाच निवडा, नंतर सुचलं तर बहुतेक वेळा बॅकअप घेऊन सगळं परत इन्स्टॉल करायचा उद्योग होतो, आणि पासफ्रेज विसरलात तर तिथे 'फरगॉट पासवर्ड'चं बटण नाहीये.